वाळूवर आलेला जीव

आमची गाडी भिलाईहून सुटली तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि कारखान्याच्या बाजूचं आभाळ धुळीनं एवढ्यातच तांबूस झालं होतं. पोलादाच्या कारखान्याची पहिली भट्टी उभी राहत होती ते दिवस. रोज नवा खड्डा, रोज नवा खांब. आठ दिवस गावाला जाऊन आलेल्या माणसाला आपली कालची वाट सापडत नसे. शेजारच्या सुपेल्याच्या बाजारात मराठी, तेलुगू, पंजाबी आणि छत्तीसगढी बोलणारी माणसं एकाच भाजीवाल्याभोवती उभी असायची आणि कुणाचंच कुणाला नीट कळत नसलं तरी सगळ्यांच्या पिशव्या भरायच्या. मी मूळचा वर्ध्याचा, भांडार खात्यात कारकून. वयाची तिशी उलटली होती, पण समुद्र मी पाहिलेला नव्हता.

विशाखापट्टणमच्या बंदरात रशियाहून आलेली यंत्रं उतरली होती. त्यातलं एक मोठं दातेरी चाक फार जपून आणायचं होतं. ते रेल्वेच्या उघड्या वाघिणीवर नीट बसलं आहे हे पाहूनच परत यायचं, असा हुकूम होता. त्यासाठी आम्ही तिघं निघालो. यंत्र तपासायला रशियन इंजिनियर पावेल साहेब, कागदपत्रांसाठी मी, आणि ओझं हलवायला सुखदेव.

सुखदेव खलासी होता. खलासी म्हणजे दोरखंड, कप्पी आणि पहार यांच्या जोरावर अवजड यंत्रं जागची हलवणारा कामगार. हा भंडाऱ्याकडचा, पस्तिशीतला, बुटका, मान खांद्यांत रुतल्यासारखी. कामगारांच्या वस्तीत, कँप एकमध्ये, आईला घेऊन राहायचा. नागपूरच्या दीक्षेच्या वेळी दोघं मायलेक पायी गेली होती, एवढंच त्यानं स्वतःबद्दल मला कधीतरी सांगितलं होतं. बाकी बोलणं कमी. कुठल्याही पेटीजवळ गेला की आधी तिच्याभोवती एक फेरी मारायचा, हात लावायचा नाही.

"वजन कुठी बसलं हाय थे पयले पायलं पायजे, बाबूजी," म्हणायचा. "दोर मंग."

पावेल साहेब पन्नाशीचे, उंच, उन्हानं नाक सोललेलं. त्यांचं हिंदी चार महिन्यांचं होतं. क्रियापदांची त्यांना गरज वाटत नसे, पण अडायचं काही नाही.

रायपूरला गाडी बदलून आम्ही विजयनगरमकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसलो. महासमुंद मागे पडलं तसं सालाचं जंगल सुरू झालं. तितलागडला फलाटावर मुढी (मुरमुरे) आणि कांदा मिळाला. पावेल साहेबांनी मिरचीचा एक तुकडा तोंडात टाकला आणि पुढची तीन स्टेशनं ते खिडकीबाहेर तोंड करून बसले. सुखदेवनं त्यांना आपल्या शिदोरीतला गुळाचा खडा दिला. तेव्हापासून दोघांचं जमलं.

त्या लांबलचक दुपारी मी पावेल साहेबांना सहज विचारलं, की तुमच्या गावाकडे समुद्र आहे का. ते कास्पियन समुद्राच्या काठी जन्मलेले निघाले. त्यांचे वडील कोळी. "त्युलेन," ते म्हणाले. आम्हाला कळेना. मग त्यांनी माझ्याजवळच्या मालयादीच्या पाठीवर पेन्सिलीनं एक प्राणी काढला. गोल डोकं, मिशा, हातांच्या जागी वल्ह्यांसारखे पंख. मी शाळेच्या पुस्तकात सीलचं चित्र पाहिलेलं होतं. सुखदेवनं ते पाहून म्हटलं, "कुत्र्यावानी तोंड हाय." पावेल साहेबांना ते फार पटलं.

ते आठ वर्षांचे असताना हिवाळ्यात बर्फाच्या काठावर त्यांना सीलचं एक पांढरं पिल्लू दिसलं. एकटंच होतं, ओरडत होतं. आई कुठे दिसेना. यांना दया आली. कोटात गुंडाळून त्यांनी ते घरी आणलं, चुलीजवळ ठेवलं, गाईचं दूध पाजलं. दोन दिवसांनी ते मेलं.

"पिताजी गुस्सा," पावेल साहेब म्हणाले. "बोला, मां पानी में. मां खाना लेने गयी. मां वापस आयी, बच्चा नहीं."

मग वडिलांनी त्यांना जे शिकवलं ते त्यांनी आम्हाला सांगितलं. पाण्यातला जीव जमिनीवर दिसला की पहिलं काम म्हणजे उभं राहायचं. लांबूनच पाहायचं. सील तर विश्रांतीलासुद्धा जमिनीवर येतो. त्याला पाण्यात हाकलायचं नाही, उचलायचं नाही, खाऊ घालायचं नाही. त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये उभं राहायचं नाही. कुत्री आणि माणसं लांब ठेवायची. जखम दिसली, किंवा दुसऱ्या दिवशीही तो तिथेच पडलेला असला, तर जाणत्याला बोलवायचं. आपण जाणते नाही, हे धरून चालायचं.

"देल्फिन (डॉल्फिन) अलग," ते पुढे म्हणाले. "देल्फिन आराम के लिये नहीं आता. देल्फिन जमीन पर, मतलब बहुत खराब."

एवढ्यात रायगडा आलं आणि चहावाल्याच्या गडबडीत ते बोलणं तिथेच तुटलं. पुढे मला अनेकदा वाटलं, की त्या स्टेशनावर चहा मिळाला नसता तर बरं झालं असतं.

समुद्र मी प्रथम पाहिला तो दुसऱ्या दिवशी, बंदरावर जाताना, दोन गोदामांच्या फटीतून. निळ्या रंगाची भिंत उभी केली आहे असं वाटलं. मग ती भिंत हलली. सुखदेव माझ्याशेजारी थांबला होता. बराच वेळ पाहून तो म्हणाला, "एवढं पानी, अन् पेता नाई येत." त्यानं चपला काढून हातात घेतल्या आणि तसाच उभा राहिला.

बंदरावरचं काम तीन दिवस चाललं. दुपारी आम्ही गोदामामागच्या एका खाणावळीत केळीच्या पानावर भात जेवायचो. सोबत गोंगूरा (अंबाडीची आंबट भाजी) असायची. ती सुखदेवला घरच्यासारखी वाटली, कारण अंबाडी आपल्याकडेही होते. सकाळी पेसरट्टू (हिरव्या मुगाचं धिरडं). तिसऱ्या दिवशी दुपारी ते चाक वाघिणीवर बसलं. सुखदेवनं तीन वेळा दोर बांधून तीन वेळा सोडला होता. चौथ्यांदा त्यानं मान हलवली, आणि ते अजस्र लोखंड निजलेलं मूल खाली ठेवावं तसं खाली आलं. पावेल साहेबांनी टोपी काढली.

परतीची गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होती. दिवस मोकळा होता. पावेल साहेबांना घरी तार करायची होती म्हणून ते पोस्टाकडे गेले आणि नंतर किनाऱ्यावरच भेटू म्हणाले. मी आणि सुखदेव गावाच्या उत्तरेला, कोळ्यांच्या वस्तीकडे चालत निघालो.

वस्तीपुढच्या वाळूवर माणसं गोळा झालेली दिसली. आधी वाटलं, मोठं जाळं ओढताहेत. जवळ गेलो तर मधे एक करड्या पाठीचा जीव पडलेला होता. पुरुषभर लांब, गुळगुळीत, पोटाकडे पांढुरका. लांबट तोंड किंचित उघडं, आत बारीक दात. डोक्यावर एक भोक होतं. ते उघडायचं, फुस्स करून हवा बाहेर यायची, आणि पुन्हा मिटायचं. पोटाखालून पाणी केव्हाच निघून गेलं होतं. ओहोटी चालू होती. समुद्र तिथून वीस-पंचवीस पावलांवर गेला होता.

"पेद्द चेपा (मोठा मासा)," एक जण मला म्हणाला. तो मासा नव्हे हे मला कळत होतं. त्याचा डोळा माझ्याकडे होता आणि तो माशाचा डोळा नव्हता.

एक म्हातारी कोळीण त्याच्या शेजारी बसली होती. भांड्यानं पाणी आणून ती त्याच्या पाठीवर शिंपडत होती, हळूहळू, एकटीच. बाकीच्यांचं काय करावं यावर बोलणं चाललं होतं. हातवाऱ्यांवरून एवढं समजलं, की त्यांनाही तो परत पाण्यात जावा असंच वाटत होतं. कुणीतरी तेप्प्यावरून (ओंडके बांधून केलेल्या होडीवरून) दोर आणला. सुखदेवच्या खांद्यांकडे आणि हातांकडे पाहून त्यांनी तो दोर त्याच्याच पुढे केला. दोर कुणाच्या हातात द्यायचा हे कोळ्यांना न सांगता कळतं.

सुखदेवनं दोर घेतला. त्या जिवाभोवती त्यानं आपली ती एक फेरी मारली. मग खाली बसला. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"समजून नाई राह्यलं, बाबूजी. वजन कुठी हाय थे समजून नाई राह्यलं."

"चार-पाच मणांचा असेल. काल तू याच्या शंभरपट उचललंस."

"थे लोखंड होतं."

ऊन चढत होतं. त्याच्या पाठीची कातडी कोरडी पडून सुरकुततेय असं मला दिसत होतं. श्वासांमधलं अंतर वाढतंय असंही वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट होती. एवढी माणसं माझ्याकडे, बूट घातलेल्या बाबूकडे, पाहत होती.

"साहेबाले येऊ द्या," सुखदेव म्हणाला. "त्याईले माईत असन."

"साहेब यायला तास लागेल. तोवर हा मरेल. शेपटीला बांध आणि ओढा."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मी तेच पुन्हा म्हणालो, जरा आवाज चढवून, ऑफिसात म्हणतो तसं. त्यानं मान खाली घातली. शेपटीच्या मुळाशी त्यानं दोराचा फेर घेतला, खाली आपला गमछा घातला, की कातडी सोलू नये. आठ माणसं दोराला लागली. नववा मी.

पहिल्या ओढीला तो हलला नाही. दुसऱ्या ओढीला तो फिरला, एक पंख अंगाखाली मुडपला, आणि तो ओरडला. त्या आवाजाला काय म्हणावं मला माहीत नाही. दार करकरावं तसा, पण बारीक आणि लांब. सुखदेवनं दोर टाकला. बाकीच्यांनी आणखी दोन पावलं ओढलं, कारण त्यांना थांब म्हणायला आम्हाला शब्द येत नव्हता. म्हातारीच मधे आली. "वद्दु, वद्दु (नको, नको)," म्हणत तिनं दोरावर दोन्ही हात ठेवले.

मला काहीतरी करायलाच हवं होतं. तिचं भांडं उचलून मी समुद्राचं पाणी भरून आणलं आणि भसकन त्याच्या डोक्यावर ओतलं. ते पाणी त्या भोकावर गेलं. त्यानं सगळं अंग झटकलं.

पावेल साहेब पळत आले तेव्हा मी दुसरं भांडं भरत होतो. वाळूत धावल्यानं त्यांना धाप लागली होती. ते रागावले नाहीत. त्यांनी माझ्या हातातून भांडं घेतलं, त्या भोकाकडे बोट दाखवलं आणि स्वतःचं नाक चिमटीत धरून दाखवलं. तिथून तो श्वास घेतो. मासा नाही, देल्फिन; आपल्यासारखा हवेचा जीव. मग दोराकडे पाहिलं आणि हलक्या हातानं तो शेपटीवरून सोडवला.

"पूंछ कभी नहीं," एवढंच म्हणाले. "पूंछ, पीठ, एक ही हड्डी."

पुढचे तीन तास आम्ही त्यांनी सांगितलं तसं केलं. तो कुशीवर कलला होता. चौघांनी हातांनी सावरून त्याला पोटावर सरळ केला आणि मुडपलेला पंख मोकळा केला. पंखांखाली वाळूत हातानं खड्डे केले, की अंगाचा भार त्यांच्यावर येऊ नये, आणि त्यांत पाणी भरलं. बायकांनी जुनी लुगडी आणून दिली. ती ओली करून त्याच्या पाठीवर पसरली, ते भोक आणि डोळे उघडे ठेवून. दोन बांबूंवर शिडाचं कापड ताणून सावली केली. पावेल साहेबांनी गर्दीला हातानं मागे सारलं आणि ओठांवर बोट ठेवलं. आवाजाची त्याला भीती वाटते, म्हणाले. एवढी माणसं, पण नंतर बायकाही कुजबुजतच बोलत होत्या.

सुखदेव त्याच्या डोक्याशी बसला होता. प्रत्येक श्वासाला तो मान हलवायचा, मोजल्यासारखी.

"तुम्हाला हे सगळं कसं माहीत?" मी पावेल साहेबांना विचारलं.

तरुणपणी ते काळ्या समुद्रावर एका बोटीत होते. देल्फिन पकडायची बोट. तेलासाठी. "बहुत देखा," ते म्हणाले. "कैसे मरता है, बहुत देखा."

भरती सुरू झाल्यावर शिडाचं दुसरं कापड त्याच्या अंगाखालून सरकवलं. हे काम सुखदेवनं केलं. आधी एक कूस, मग दुसरी, बोटभर बोटभर. दोन्ही बाजूंनी सहा-सहा माणसांनी कापड धरलं आणि तो झोळीत उचलला गेला. कमरेएवढ्या पाण्यात नेल्यावर पावेल साहेबांनी सोडू नका म्हणून खुणावलं. फार वेळ पडून राहिल्यानं त्याचं अंग बधिर झालेलं असतं, तोल जातो, भोक पाण्याखाली जातं. धरून ठेवायचं, डोकं समुद्राकडे, तो स्वतः सावरेपर्यंत.

आम्ही धरून ठेवलं. लाटा छातीवर येत होत्या. त्यानं पंख हलवले. पुढचा भाग जिवंत झाल्यासारखा झाला, तोंड उचललं, दोनदा जोरात श्वास घेतला. काठावरची माणसं पुढे सरसावली. पण शेपटी हलली नाही. ती पाण्यात लोंबत राहिली, लाट नेईल तशी. सुखदेवनं पाण्याखाली हात घालून ती चाचपली आणि हात तसाच तिथे ठेवला.

कापड सैल केलं की तो कुशीवर वळायचा. आम्ही पुन्हा सावरायचो. असं किती वेळ झालं सांगता येत नाही. मग एक श्वास आला आणि त्यानंतरचा आला नाही. सुखदेव थांबला होता, मान हलवायला. पावेल साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला तरी तो थांबलेलाच होता.

कोळ्यांनी त्याला भरतीच्या रेषेच्या वर वाळूत खोल पुरला. म्हातारीनं वर हळद टाकली. मी पावेल साहेबांना विचारलं, की शेपटी आम्ही ओढली म्हणून गेली का. ते म्हणाले, पता नहीं. जे किनाऱ्याला लागतात ते बहुतेक आधीच आजारी असतात. कदाचित वाचलाच नसता. कदाचित. ते खरं बोलणारे गृहस्थ होते. 'नाही' म्हणाले नाहीत.

परतीच्या गाडीत पावेल साहेब वरच्या फळीवर झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी, जंगल सुरू झाल्यावर, सुखदेव आपणहून बोलायला लागला. खिडकीबाहेर पाहत, माझ्याकडे नाही.

त्याला एक धाकटा भाऊ होता, रामदास. दोघं गावोगाव विहिरी खणायचे. भंडाऱ्याजवळच्या एका गावात विहिरीची कड ढासळली आणि रामदास छातीपर्यंत मातीत गाडला गेला. सुखदेव वर होता. माती आणखी सुटत होती. त्यानं दोर खाली सोडला, रामदासनं काखेत घेतला, आणि वरून सुखदेवनं सगळा जोर लावून ओढलं.

"पाय मातीत पक्के अडकले होते, बाबूजी. मले दिसून राह्यलं होतं. आंधी माती काढाले पायजे होती. पन माती येऊन राह्यली होती वरून. मी ओढलं. थो आला वर. लोक म्हणे, सुखदेवनं भावाले वाचवलं."

"मग?"

"कमरीखाली काईच नाई राह्यलं. अकरा दिवस होता."

डॉक्टरनं मातीच्या भारानं झालं असं सांगितलं होतं. सगळ्यांनी तेच धरलं. पण दोर सुखदेवच्या हातात होता आणि दोरातून त्याला काहीतरी तुटल्याचं कळलं होतं. ते त्यानं कुणाला सांगितलं नाही, आईलाही नाही. त्यानंतर विहिरी सोडून तो भिलाईला आला, कारण इथे सगळं लोखंडच उचलायचं होतं.

मला कालची सकाळ आठवली. किनाऱ्यावर तो खाली बसला, त्याला घाम फुटला, साहेबाला येऊ द्या म्हणाला, आणि मी ऑफिसचा आवाज काढला. मी म्हटलं, "सुखदेव, काल ओढा म्हणून मी सांगितलं होतं."

"दोर मी बांधला," तो म्हणाला.

भिलाईला उतरलो तेव्हा दिवस कलायला अजून अवकाश होता. पावेल साहेबांना न्यायला जीप आली होती. जाताना त्यांनी सुखदेवचा हात दोन्ही हातांत धरला. मी सुखदेवबरोबर कँप एकपर्यंत चालत गेलो. एकट्यानं खोलीवर जाववत नव्हतं.

त्याची आई दारातच तांदूळ निवडत बसली होती. वाळलेली, ताठ बाई. मला आत बोलावून तिनं खाटेवर बसवलं आणि चहा ठेवला. सुखदेव उंबऱ्यापाशीच उकिडवा बसला. तिनं प्रवासाचं विचारलं. त्यानं बंदराचं सांगितलं, आणि मग वाळूवरच्या त्या जिवाचं सांगायला लागला. दोरापर्यंत आला आणि अडला. मला वाटलं, उठून जाईल. तो उठला नाही.

"माय, रामदासले मी असंच ओढलं होतं," तो म्हणाला. "माझ्याच हातानं तुटलं त्याचं."

आई चहा गाळत होती. तिनं गाळणं पुरतं निथळू दिलं.

"मले ठावूक हाय," ती म्हणाली. "त्यानंच सांगतलं होतं, सातव्या का आठव्या दिवशी. म्हणे, दादानं ओढलं तवा कमरीत तुटलं. पन दादाले सांगजो नको. नाईतर थो जलमभर वजन उचलाले भेईन."

सुखदेव तिच्याकडे पाहत राहिला. "तूनं कावून नाई सांगतलं मले?"

"त्यानं नाई सांगू देल्लं. अन् तू सांगशीन म्हून मी वाट पायली."

तिनं एक कप त्याच्यापुढे ठेवला. त्यानं तो घेतला नाही, तोंड गुडघ्यांत घातलं. ती त्याच्या पाठीमागे जाऊन बसली आणि त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली, मानेपासून खाली कमरेपर्यंत, परत परत. मी चहाचा कप धरून बसून होतो. बाहेर कुणाचा तरी रेडिओ लागला होता.

बऱ्याच वेळानं मी म्हणालो, "माय, समुद्रावर तो नको म्हणत होता. मी त्याला ओढायला लावलं."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. रागानं नाही. माझं लग्न झालेलं नव्हतं, आईवडील गेलेले होते, हे तिला माहीत असावं; कँपात सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असतं.

"मले सांगतलं. मंग तुमी आनखी कोनाले सांगान, बाबूजी?" तिनं विचारलं.

चहा संपवून मी निघालो. आज हे लिहायचं कारण, आपल्या वऱ्हाड-नागपुराकडची माणसं हल्ली सुट्टीत पुरीला, मद्रासला जाऊ लागली आहेत. समुद्र आपल्याला ठाऊक नसतो आणि समुद्रातला जीव तर नाहीच. कधी तुमच्यापुढे वाळूवर असा कुणी आला तर आधी थांबा. सील असो, कासव असो, त्याला त्याच्या वाटेनं राहू द्या. देल्फिन असेल तर त्याचं अंग ओलं ठेवा, श्वासाचं भोक मोकळं ठेवा, सावली करा, माणसं शांत ठेवा आणि तिथल्या जाणत्याला बोलवा. शेपटीला दोर बांधू नका. आणि तुमच्याबरोबरचा कुणी 'समजत नाही' म्हणून खाली बसला, तर त्याच्याशेजारी तुम्हीही बसा. मी बसलो नाही. माझ्या तोंडून 'ओढा' निघालं, ते त्या घराबाहेर मी आज पहिल्यांदा कुणाला तरी सांगतो आहे.